फॉगल्सखालील उड्डाण: पीआयसी कोण आणि कोणाच्या लॉगबुकात किती तास?

नमस्कार. उत्तर लांबणार आहे, म्हणून तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. तुमच्याकडे प्रायव्हेट पायलटचे प्रमाणपत्र आहे, कॅलिफोर्नियातील पालो आल्टोहून क्लबच्या सेसना १७२ मध्ये तुम्ही इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याच्या पात्रतेची, तयारी करत आहात, आणि प्रशिक्षकाचा खर्च आटोक्यात राहावा म्हणून काही उड्डाणांना मित्राला सेफ्टी पायलट म्हणून, म्हणजे तुम्ही फॉगल्स (बाहेरचे दृश्य झाकणारा सरावाचा चष्मा) लावलेले असताना बाहेर लक्ष ठेवणारा वैमानिक म्हणून, शेजारी बसवायचे आहे. मित्रही प्रायव्हेट पायलट आहे, मात्र त्याच्या मेडिकल प्रमाणपत्राची मुदत संपली असून तो बेसिकमेडवर, म्हणजे त्या प्रमाणपत्राऐवजी चालणाऱ्या सोप्या व्यवस्थेवर, उडतो. मित्राच्या म्हणण्याप्रमाणे दोघांनाही पीआयसी (पायलट इन कमांड, म्हणजे प्रमुख वैमानिक) म्हणून तास लिहिता येतात. तुमचे प्रशिक्षक म्हणतात की एका विमानात पीआयसी एकच असतो. आणि क्लबमधील एका जुन्या सदस्याने सांगितले की बेसिकमेडवर सेफ्टी पायलट होताच येत नाही. शेवटी तुम्ही असेही विचारले आहे की पुण्याहून येणाऱ्या तुमच्या मावसभावाला अशा उड्डाणांतून भारतातील सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी) तास जमवता येतील का.

मी कॅलिफोर्नियात इन्स्ट्रुमेंट प्रशिक्षक म्हणून काम करतो आणि हा वाद माझ्यासमोर वारंवार येतो. गंमत अशी की मित्र, प्रशिक्षक आणि जुने सदस्य या तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. फक्त तिघे तीन वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत. उड्डाणाची जबाबदारी कोणावर आहे हा एक प्रश्न, लॉगबुकात कोणाला काय लिहिता येते हा दुसरा, आणि सेफ्टी पायलटकडे कोणती कागदपत्रे असावी लागतात हा तिसरा. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले की उत्तर कधीच जुळत नाही. पुढे जे लिहितो ते एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या नागरी उड्डाण नियामक संस्थेच्या, नियमावलीतील भाग ६१ आणि भाग ९१ यांना धरून आहे. तुमच्या क्लबचे नियम आणि विमानाची विमापॉलिसी याहून कडक असू शकतात, आणि तसे असेल तर व्यवहारात त्यांचेच ऐकावे लागते.

सुरुवात सेफ्टी पायलट लागतोच कशाला, येथून करू. कलम ९१.१०९ सांगते की दृष्टी झाकून केवळ उपकरणांवर विमान उडवण्याचा सराव करायचा असेल, तर नियंत्रणे असलेल्या दुसऱ्या आसनावर सेफ्टी पायलट असलाच पाहिजे. त्याच्याकडे किमान प्रायव्हेट पायलटचे प्रमाणपत्र हवे आणि त्यात त्या विमानाची कॅटेगरी व क्लास, म्हणजे तुमच्या बाबतीत एक इंजिन असलेले जमिनीवरून उडणारे विमान, नोंदलेले हवेत. त्याला समोरचे आणि दोन्ही बाजूंचे पुरेसे दिसले पाहिजे. दिसत नसेल तर विमानात आणखी एक सक्षम निरीक्षक बसवून ती उणीव भरून काढता येते. आणि विमानाला दोन्ही बाजूंनी चालणारी पूर्ण नियंत्रणे हवीत. एका बाजूकडून दुसरीकडे वळवता येणारे एकच नियंत्रण-चाक असलेल्या जुन्या विमानांना काही अटींवर सवलत आहे, पण १७२ ला त्याची गरज पडत नाही.

या कलमाचा परिणाम पाहण्यासारखा आहे. १७२ हे एका वैमानिकाचे विमान आहे. तुम्ही फॉगल्स किंवा हूड लावताच, आणि फक्त तेवढ्या वेळापुरते, नियमांनुसार त्याला दोन वैमानिक आवश्यक होतात. तुमचा मित्र त्या क्षणी प्रवासी राहत नाही, आवश्यक चालकदलाचा सदस्य होतो. फॉगल्स काढले की तो पुन्हा केवळ शेजारी बसलेला माणूस. लॉगबुकाविषयीचे सगळे हिशेब याच एका बदलावर उभे आहेत, त्यामुळे फॉगल्स केव्हा लावले आणि केव्हा काढले याची वेळ टिपून ठेवण्याची सवय पहिल्या उड्डाणापासून लावून घ्या.

आता पीआयसी. उड्डाणाच्या सुरक्षिततेची अंतिम जबाबदारी आणि अंतिम अधिकार ज्याच्याकडे, तो खरा पीआयसी. असा माणूस एका वेळी एकच असतो. तुमच्या प्रशिक्षकांचे म्हणणे येथे शंभर टक्के बरोबर आहे. पण लॉगबुकात पीआयसीच्या रकान्यात तास कोणी लिहावेत हे कलम ६१.५१ ठरवते, आणि ते कलम जबाबदारीच्या कलमापासून स्वतंत्रपणे चालते. ज्या विमानासाठी तुम्ही रेटेड, म्हणजे प्रमाणपत्राने पात्र, आहात त्याची नियंत्रणे एकट्याने हाताळत असलेला सगळा वेळ तुम्हाला पीआयसी म्हणून लिहिता येतो, मग जबाबदारी कोणावरही असो. त्याच कलमात पुढे अशी तरतूद आहे की, ज्या उड्डाणाला नियमांनुसार एकाहून अधिक वैमानिक लागतात, त्यात खऱ्या पीआयसीची भूमिका पार पाडणाऱ्यालाही तो वेळ पीआयसी म्हणून लिहिता येतो. फॉगल्सच्या काळात दोन वैमानिक आवश्यक असतात हे वर आलेच. म्हणून तुम्ही नियंत्रणे हाताळत आहात आणि मित्र जबाबदार पीआयसी आहे, अशी रचना असेल तर त्या काळापुरते दोघांच्याही लॉगबुकात पीआयसीचे तास येतात. मित्राचे म्हणणे येथे खरे ठरते, पण या अटीवर की तो खरोखरच पीआयसी असला पाहिजे.

ही अट बहुतेक जण विसरतात. दोघे मित्र विमानात बसतात, उडतात, उतरतात, आणि कॉफी पिताना ठरवतात की ‘तू पण पीआयसी लिही’. असे मागाहून ठरवता येत नाही. पीआयसी कोण हे इंजिन सुरू करण्यापूर्वी ठरले पाहिजे आणि दोघांनी ते मोठ्याने बोलून मान्य केले पाहिजे, कारण चार हजार फुटांवर इंजिन खडखडू लागले तर कोणाचा शब्द अखेरचा हे त्याच ठरावावर अवलंबून असते. माझे विद्यार्थी सेफ्टी पायलट घेऊन उडायला निघतात तेव्हा मी त्यांना एवढेच विचारतो: आज काही विपरीत घडले आणि एफएएचा फोन आला, तर तो कोणी घ्यायचा? ज्याचे नाव दोघेही न अडखळता घेतात, तोच पीआयसी.

जबाबदारी मित्राकडे द्यायची तर त्याची पात्रताही तेवढी हवी. त्याची फ्लाइट रिव्ह्यू (प्रशिक्षकाबरोबरची ठरावीक मुदतीची उजळणी) गेल्या २४ कॅलेंडर महिन्यांत झालेली हवी. विमान हाय-परफॉर्मन्स किंवा कॉम्प्लेक्स (मागे घेता येणारी चाके वगैरे असलेले) असेल तर त्याच्याकडे त्याचे एंडोर्समेंट, म्हणजे प्रशिक्षकाची लॉगबुकातील लेखी मान्यता, हवे. तुमच्या १७२ ला सहसा हा प्रश्न येत नाही, पण क्लबमध्ये १८२ असेल आणि उद्या ते घ्यायचे ठरवले तर नक्की येईल, कारण दोनशेहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन म्हणजे हाय-परफॉर्मन्स. येथे एक बारकावा आहे आणि तो प्रशिक्षकांनाही चकवतो: एंडोर्समेंट पीआयसीची भूमिका पार पाडण्यासाठी लागते; एकट्याने नियंत्रणे हाताळून तास लिहिण्यासाठी लागत नाही, आणि पीआयसी नसलेल्या सेफ्टी पायलटलाही लागत नाही. म्हणजे १८२ मध्ये तुमच्याकडे एंडोर्समेंट नसेल आणि मित्राकडे असेल, तर तो जबाबदार पीआयसी राहील, तुम्ही हाताळाल, आणि तुमच्या लॉगबुकात तरीही पीआयसीचे तास येतील. याच्या उलट, एंडोर्समेंट तुमच्याकडे आणि मित्राकडे नसेल, तर तो सेफ्टी पायलट होऊ शकतो, पण पीआयसी होऊ शकत नाही.

मित्र पीआयसी नसेल तेव्हा त्याचे काय? जबाबदारी तुमच्याकडे, नियंत्रणेही तुमच्याकडे, आणि मित्र फक्त आवश्यक दुसरा वैमानिक, अशी रचना असेल तर तो फॉगल्सचा काळ एसआयसी, म्हणजे दुय्यम वैमानिक म्हणून लिहितो. हे तास वाया जात नाहीत. कमर्शियल पायलटच्या प्रमाणपत्रासाठी भाग ६१ खाली लागणाऱ्या २५० तासांच्या एकूण बेरजेत ते धरता येतात. फक्त त्यांतल्या पीआयसीच्या १०० तासांत धरता येत नाहीत. माझे वैयक्तिक मत विचाराल तर विमान तुम्ही भाड्याने घेतले आहे, सराव तुमचा आहे, उड्डाणाची आखणी तुम्ही केली आहे, अशा वेळी जबाबदारीही तुमच्याकडेच असणे सरळ दिसते. केवळ मित्राच्या वहीत पीआयसीचा आकडा वाढावा म्हणून त्याला नावापुरता पीआयसी करणे मला पटत नाही. तो अनुभवाने तुमच्यापेक्षा मोठा असेल, किंवा उड्डाण आयएफआर (उपकरणांवरील उड्डाणाच्या नियमांखालील) असेल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग फक्त त्याच्याकडे असेल, तर मात्र त्यालाच पीआयसी करणे योग्य, नव्हे आवश्यक. तुमच्याकडे अजून रेटिंग नाही. आयएफआर क्लिअरन्स स्वीकारायचा तर पीआयसी हा रेटिंग असलेला आणि ते चालू ठेवलेला वैमानिकच असावा लागतो.

एक नमुना नोंद करून दाखवतो, म्हणजे हे सगळे कागदावर कसे दिसते ते कळेल. समजा तुम्ही पालो आल्टोहून निघून स्टॉकटनला दोन आयएलएस अप्रोच (रेडिओ संकेतांवर धावपट्टीकडे उतरत येणे) केले, एक होल्डिंग (ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबणे) केले, तेथे न उतरता परत आलात. विमान निघण्यापासून थांबेपर्यंत १.७ तास झाले आणि त्यांतले १.२ तास तुम्ही फॉगल्सखाली होतात. तुमच्या वहीत एकूण १.७, पीआयसी १.७, सिम्युलेटेड इन्स्ट्रुमेंट १.२, टेक-ऑफ आणि लँडिंग एकेक, रिमार्क्समध्ये प्रत्येक अप्रोचचा प्रकार व ठिकाण, होल्डिंगचा उल्लेख आणि सेफ्टी पायलटचे नाव. हे नाव शिष्टाचार म्हणून लिहायचे नाही, कलम ६१.५१ ते मागते, आणि नाव नसेल तर परीक्षक तो इन्स्ट्रुमेंट वेळ मोजायला नकार देऊ शकतो. मित्राच्या वहीत एकूण १.२, आणि ठरल्याप्रमाणे पीआयसी १.२ किंवा एसआयसी १.२. इन्स्ट्रुमेंटचा रकाना त्याच्यासाठी रिकामा, कारण तो बाहेर बघत होता. टेक-ऑफ नाही, लँडिंग नाही, अप्रोच नाहीत. रिमार्क्समध्ये ‘सेफ्टी पायलट’ हे शब्द आणि तुमचे नाव. दोघांच्या वह्यांत एकाच उड्डाणाचे आकडे वेगळे दिसतात आणि ते तसेच दिसायला हवेत. मित्रानेही १.७ लिहिले तर उरलेल्या अर्ध्या तासाला कोणत्याही कलमाचा आधार नाही. आणि लॉगबुकातील जाणूनबुजून केलेली खोटी नोंद कलम ६१.५९ खाली प्रमाणपत्र रद्द होण्यापर्यंत जाऊ शकते.

क्रॉस-कंट्रीच्या बाबतीतही असेच. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी तुम्हाला ५० तास क्रॉस-कंट्री पीआयसी लागतात, आणि त्यासाठी निघालेल्या ठिकाणापासून सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांपेक्षा अधिक दूर कोठेतरी उतरावे लागते. पालो आल्टो ते स्टॉकटन हे अंतर त्याहून किंचित कमी भरते, मोडेस्टो मात्र आरामात पलीकडे आहे. त्यामुळे सरावाला जायचेच असेल तर मोडेस्टोला जा, तेथे उतरा, आणि एकाच भाड्यात दोन रकाने भरा. मित्राला मात्र ते क्रॉस-कंट्री म्हणून लिहिता येत नाही, तो जबाबदार पीआयसी असला तरीही. एफएएच्या मुख्य विधी सल्लागारांच्या कार्यालयाने २००९ मध्ये हे स्पष्ट केले आहे: जो वैमानिक उड्डाणाच्या फक्त काही भागापुरता आवश्यक आहे आणि टेक-ऑफ व लँडिंग करत नाही, त्याचे ते क्रॉस-कंट्री उड्डाण ठरत नाही. जोडीने तास जमवणाऱ्या बऱ्याच मंडळींना हे उशिरा कळते, आणि मग कमर्शियलचा अर्ज भरताना आकडे कमी पडतात.

ढगांचाही एक मुद्दा आहे. आयएफआर उड्डाणात तुम्ही खऱ्या ढगात शिरलात आणि फॉगल्स काढून उडत राहिलात, तर तो तुमच्यासाठी खरा इन्स्ट्रुमेंट वेळ आहे, पण मित्र त्या काळात आवश्यक वैमानिक नाही. सेफ्टी पायलट म्हणून त्याला तो वेळ लिहिता येत नाही.

आतापर्यंतचे थोडक्यात: तुम्ही हाताळत आहात तो सगळा वेळ तुमचा पीआयसी; मित्राचा वेळ फक्त फॉगल्सपुरता, जबाबदारी घेतली असेल तर पीआयसी आणि नसेल तर एसआयसी; लँडिंग आणि क्रॉस-कंट्री त्याच्या वाट्याला नाही.

बेसिकमेडविषयी जुन्या सदस्यांनी जे सांगितले त्याला इतिहास आहे. सेफ्टी पायलट हा आवश्यक चालकदलाचा सदस्य, आणि अशा सदस्याला मेडिकल प्रमाणपत्र लागते. मे २०१७ मध्ये बेसिकमेड सुरू झाले तेव्हा त्याची सवलत फक्त पीआयसीची भूमिका पार पाडणाऱ्यासाठी लिहिली गेली होती. परिणाम असा विचित्र झाला की बेसिकमेडवरील वैमानिक सगळ्या उड्डाणाची जबाबदारी घेऊन सेफ्टी पायलट होऊ शकत होता, पण जबाबदारी न घेता नुसता बाहेर बघायला बसू शकत नव्हता. अनेक क्लबांनी त्यामुळे ‘बेसिकमेड नको’ असा सोपा नियम करून टाकला. एफएएने ही विसंगती नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमाने दूर केली आणि तो २२ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. आज तुमचा मित्र बेसिकमेडवर दोन्ही भूमिका करू शकतो. मात्र बेसिकमेडच्या सगळ्या अटी त्याने पाळलेल्या हव्यात: १४ जुलै २००६ नंतर केव्हातरी वैध असलेले मेडिकल, दर ४८ महिन्यांत डॉक्टरांकडून तपासणी आणि दर २४ कॅलेंडर महिन्यांत ऑनलाइन अभ्यासक्रम. माझ्या पाहण्यात तपासणीची तारीख सगळ्यांच्या लक्षात असते आणि अभ्यासक्रमाची तारीख हमखास विसरते. मित्राला त्याचे प्रमाणपत्र एकदा समोर ठेवायला सांगा. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मद्यपानाविषयीचा आठ तासांचा नियमही त्याला तुमच्याइतकाच लागू आहे, कारण तो चालकदलात आहे.

येथपर्यंत कागदाची बाजू झाली. पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आली नाही आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते: मित्र तेथे बसून नेमके काय करणार? सेफ्टी पायलट हा कॉकपिटमधील डोळे आहे. तुम्ही झाकलेल्या नजरेने उडत असताना दुसरे विमान, पक्षी, मनोरे आणि ढग टाळण्याची क्षमता फक्त त्याच्याकडे आहे. तुमच्याकडे रेटिंग नसताना आणि उड्डाण व्हीएफआर (बाहेर पाहून उडण्याच्या नियमांखालील) असताना ढगांपासूनचे अंतर, म्हणजे बहुतेक हवाई क्षेत्रात खाली ५०० फूट, वर १,००० फूट आणि आडवे २,००० फूट, हे त्याच्याच नजरेने राखले जाते. नॉरकॅलने (उत्तर कॅलिफोर्नियाच्या हवाई वाहतूक नियंत्रणाने) सरावासाठी अप्रोच दिला आणि ‘व्हीएफआर राहा’ म्हटले, की तुम्ही सुया जुळवण्यात गढून जाता आणि ते वाक्य प्रत्यक्षात त्याच्यासाठी उच्चारलेले असते.

१७२ मध्ये उजवीकडे बसून बाहेर पाहणे वाटते तितके सोपे नाही. डावीकडची दिशा तुमच्या डोक्याने आणि फॉगल्सने अडलेली असते. वरच्या पंखाचे विमान डावीकडे वळू लागले की डावा पंख खाली येतो आणि विमान ज्या दिशेला चालले आहे नेमकी तीच दिशा झाकतो. म्हणून प्रत्येक वळणाआधी तुम्ही ‘डावीकडे वळतो’ असे म्हणायचे, मित्राने पुढे वाकून पाहायचे, ‘डावीकडे मोकळे’ असे म्हणायचे, आणि मगच वळायचे. वळण्याची घाई उपकरणांना नसते, फक्त माणसाला असते. मित्र उंचीने लहान असेल तर आसनाखाली गादी ठेवा. पुरेसे दिसणे हा नियमातलाच शब्द आहे. एफएएची माहितीपुस्तिका सांगते की आकाश साधारण दहा अंशांच्या तुकड्यांत पाहावे आणि प्रत्येक तुकड्यावर किमान एक सेकंद नजर स्थिरावू द्यावी, कारण फिरती नजर लहान ठिपका पकडत नाही. करून पाहिले की कळते, हे काम दमवणारे आहे, आणि ज्याला गप्पा मारायच्या आहेत तो यासाठी उपयोगाचा नाही.

टॅब्लेटवर दिसणाऱ्या विमानांचा आधार घ्या, पण त्यावर विसंबू नका. जानेवारी २०२० पासून ठरावीक हवाई क्षेत्रांत एडीएस-बी (विमानाचे स्थान सतत प्रसारित करणारी यंत्रणा) बंधनकारक आहे, सगळीकडे नाही. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत शेतांवर खालून फवारणी करत फिरणारे विमान पडद्यावर दिसेलच असे नाही. मी असेही सेफ्टी पायलट पाहिले आहेत जे अप्रोचभर टॅब्लेटवर आसपासचे विमान कोठे आहे ते बघत राहतात. तेवढ्या वेळात विमानात बाहेर बघणारे कोणीच नसते. टॉवर नसलेल्या ठिकाणी सरळ अप्रोचने येताना पॅटर्नमधील (धावपट्टीभोवती फेऱ्या मारणाऱ्या) विद्यार्थ्याला तुमच्या अप्रोचमधील ठिकाणांची नावे समजत नाहीत. रेडिओवर ‘उत्तरेकडून पाच मैल, सरळ धावपट्टीकडे’ असे साध्या भाषेत सांगा, आणि कोणी मध्ये आले तर सराव सोडून बाजूला व्हा.

नियंत्रणे एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची पद्धतही आधीच ठरवा. ‘नियंत्रण माझ्याकडे’, ‘नियंत्रण तुझ्याकडे’, ‘नियंत्रण माझ्याकडे’ अशी तीन वाक्ये झाल्याशिवाय हात बदलायचे नाहीत. मित्राने धोका पाहून नियंत्रण मागितले तर कारण विचारत बसू नका. लगेच सोडा, आणि चर्चा खाली उतरल्यावर करा. फॉगल्स काढण्याची उंचीही जमिनीवरच ठरवा. येथे तासांशी संबंधित एक गोष्ट येते: अप्रोच करन्सीसाठी (रेटिंग चालू ठेवायला लागणाऱ्या सरावात) मोजायचा असेल तर, एफएएच्या २०१५ मधील मार्गदर्शनाप्रमाणे, फॉगल्सखाली तो त्या अप्रोचच्या किमान उंचीपर्यंत उडवलेला हवा, सुरक्षिततेसाठी आधीच सोडावा लागला तर गोष्ट वेगळी. बाराशे फुटांवर ‘झाले, पुरे’ म्हणून फॉगल्स काढले तर तो अप्रोच मोजू नये. रेटिंग मिळाल्यावर हे अधिक उपयोगी पडेल, कारण मग सहा कॅलेंडर महिन्यांत सहा अप्रोच, होल्डिंग आणि मार्ग पकडून त्यावर राहण्याचा सराव, हे सगळे तुम्ही याच मित्राबरोबर पूर्ण करू शकाल.

मात्र रेटिंगपूर्वी सेफ्टी पायलटबरोबर किती उडावे यावर माझे मत थोडे कडक आहे. नियम सांगतो की ४० इन्स्ट्रुमेंट तासांपैकी किमान १५ प्रशिक्षकाबरोबर हवेत, म्हणजे उरलेले २५ मित्राबरोबर करता येतात. कागदावर हे फार स्वस्त वाटते. पण सुरुवातीच्या काळात मित्राबरोबर उडलात तर उपकरणांवर नजर फिरवण्याची चुकीची सवय कोणाच्याही लक्षात न येता पक्की होते, आणि ती मोडायला प्रशिक्षकाचे तेवढेच तास लागतात. आधी प्रशिक्षकाबरोबर पाया घाला. प्रत्येक धड्यानंतर ‘आता हे दोनदा मित्राबरोबर कर’ असे त्यांच्याकडून मागून घ्या, आणि तेवढेच करा. नवीन प्रकारचा अप्रोच, उपकरणे निकामी झाल्याचा सराव, रात्रीचे उड्डाण या गोष्टी मित्राबरोबर पहिल्यांदा करू नका.

पैशांविषयी: भाडे, इंधन, तेल आणि विमानतळाचा खर्च दोघांत समान वाटून घेतलात तर वादाला जागा उरत नाही. मित्राने काही न देता पीआयसीचे तास मिळवले, किंवा तुम्ही त्याला बसण्याचे पैसे दिले, तर प्रायव्हेट पायलटने मोबदला घेऊ नये या नियमाजवळ तुम्ही जाता; फुकट मिळालेल्या उड्डाणाच्या वेळेलाही एफएए मोबदला मानू शकते. विम्याबाबत क्लबच्या व्यवस्थापकाला एकच प्रश्न लेखी विचारा: क्लबचा सदस्य नसलेला मित्र जबाबदार पीआयसी असताना अपघात झाला तर पॉलिसी लागू होते का? बऱ्याच क्लबांमध्ये उत्तर ‘नाही’ असते, आणि मग मित्र एसआयसी राहणार हे आपोआप ठरते.

आता मावसभाऊ. तो येथे अमेरिकेचे प्रायव्हेट पायलट प्रमाणपत्र आणि मेडिकल मिळवेपर्यंत सेफ्टी पायलट होऊ शकत नाही. स्टुडंट पायलट त्या आसनासाठी चालत नाही. त्यानंतर तो तुमच्याबरोबर बसू शकेल, पण त्याच्या हिशेबाचे गणित तुमच्यापेक्षा वेगळे आहे. एकाच तासाला दोघांनी पीआयसी लिहिणे ही सोय अमेरिकेच्या कलम ६१.५१ मधून येते. आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेच्या व्याख्येत पीआयसी म्हणजे उड्डाणाची कमान ज्याच्याकडे सोपवली आहे आणि सुरक्षिततेची जबाबदारी ज्याच्यावर आहे, असा वैमानिक. भारतातील सीपीएलसाठी २०० तासांपैकी १०० पीआयसी म्हणून दाखवावे लागतात, आणि ती छाननी डीजीसीए (भारताची नागरी उड्डाण नियामक संस्था) स्वतःच्या नियमांनी करते, एफएएच्या नव्हे. म्हणून त्याने हे १०० तास, आणि त्यांतील क्रॉस-कंट्री, विमानात एकटे बसून किंवा जबाबदारी व नियंत्रणे दोन्ही स्वतःकडे ठेवून पूर्ण करावेत. सेफ्टी पायलट म्हणून मिळालेले तास त्याने लॉगबुकात वेगळ्या रकान्यात आणि वेगळ्या बेरजेत ठेवावेत, म्हणजे ते वगळायची वेळ आली तर एका वजाबाकीत काम होईल. येथील फ्लाइट स्कूलने ‘दोन विद्यार्थी एका विमानात, दोघांनाही पीआयसी’ असे पॅकेज देऊ केले, तर पैसे भरण्यापूर्वी त्याने डीजीसीएकडे लेखी चौकशी करावी आणि ते उत्तर जपून ठेवावे.